शेपटीचं काय होतं

माझे बाबा शाळांसाठी तक्ते रंगवायचे. हा धंदा आता समजावून सांगावा लागतो. जाड कापडाला पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, तो वाळला की पेन्सिलीने आकृती काढायची, मग रंग, मग वॉर्निश, आणि वर-खाली एकेक लाकडी दांडी. हृदयाचे चार कप्पे, डोळ्याचा उभा छेद, बेडकाचं जीवनचक्र, दातांचे प्रकार. आसपासच्या ज्या ज्या शाळेत विज्ञानाच्या खोलीला एखादा खिळा होता, तिथे बाबांचं काहीतरी टांगलेलं असायचं.

आकृती बाबांची आणि अक्षर आईचं. बाबांचं अक्षर इतकं वाईट होतं की त्यांनी लिहिलेली यादी दुकानदार त्यांनाच वाचायला लावायचा. आई बारीक कुंचल्याने 'यकृत', 'पटल', 'मूत्रपिंड' असं श्वास रोखून लिहायची आणि शेवटचं अक्षर झालं की म्हणायची, "हुश्श." हे हुश्श लिहिण्याचाच भाग आहे असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. शाळेत शुद्धलेखन संपलं की मीही तसंच म्हणायचे, आणि बाई विचारायच्या, "दमलीस का गं एवढ्यात?"

पुढच्या खोलीत खिडकीखाली बाबांचं लांब टेबल होतं. टर्पेंटाइनचा वास पडद्यांना, उशांना, माझ्या दप्तराला, सगळ्याला. मी शाळेतून आले की थेट त्या टेबलाशी. बाबा उठले की मी उठायचे, बाबा रंग आणायला निघाले की मी चपला घालायचे. म्हणून मामाने माझं नाव 'शेपूट' ठेवलं होतं. दारातूनच विचारायचा, "काय, शेपूट घरात आहे म्हणजे बाबाही असतीलच ना?"

मी अकरा वर्षांची असताना मुलींच्या शाळेकडून एक मागणी आली. विज्ञानाच्या बाई स्वतः घरी आल्या होत्या. उंच, काठीसारख्या सरळ, आणि आवाज असा की पलीकडच्या वर्गातली मुलंही गप्प बसावीत. त्यांना फलनाचा तक्ता हवा होता. "दरवर्षी तो धडा आला की मुलींना घरी वाचायला सांगतात," त्या म्हणाल्या. "मी वर्गात शिकवणार आहे. मोठा करा. शेवटच्या बाकावरून दिसला पाहिजे."

बाबांनी खरंच मोठा केला. मधोमध पिवळसर गोल अंडपेशी, भोवती तिचं काचेसारखं पारदर्शक कवच, त्याच्याही बाहेर बारीक पेशींचा पुंजका, आणि चारी बाजूंनी येणारे निळे शुक्राणू. एक शुक्राणू बाणासारखा डोक्याने थेट आत घुसलेला. टेबलावर तो तक्ता आठ-दहा दिवस पसरलेला होता. कुणाची चाहूल लागली की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, ते आधी झाका!" आणि बाबा त्यावर चादर टाकायचे. एकदा मामा आला आणि त्याच चादरीवर चहाचा कप ठेवून तासभर गप्पा मारून गेला. आई सगळा वेळ त्या कपाकडेच बघत होती.

शेपट्या रंगवायचं काम माझ्याकडे होतं. सरळ रेघ नको, पाण्यात सोडलेल्या दोऱ्यासारखी हवी, असं बाबांनी सांगितलं होतं. मी चोवीस शेपट्या रंगवल्या. आत घुसलेल्या शुक्राणूपाशी आले तेव्हा कुंचला थांबला.

"बाबा, याचं डोकं आत गेलंय. शेपटीचं काय होतं?"

"गळून पडते."

"कुठे?"

"बाहेर. कवचाबाहेरच राहते."

"तुम्हाला कसं माहीत?"

बाबांनी फळीवरचं जाडजूड पुस्तक काढलं, पान शोधलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. तसंच लिहिलं होतं. मग मी एक तुटलेली शेपटी बाहेर तरंगताना रंगवली आणि आईने तिच्या शेजारी बाण काढून लिहिलं, 'गळून पडलेली शेपटी'. तो तक्ता इतका गाजला की पुढच्या काही वर्षांत बाबांनी तसेच आणखी बावीस केले. त्या सगळ्यांवर माझ्या शेपट्या होत्या.

पुढे मी जीवशास्त्र शिकले आणि घरापासून बसने दोन तासांवरच्या एका संशोधन संस्थेत लागले. आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. तीन खोल्या. एकीत सूक्ष्मदर्शक, एकीत उबेची कपाटं, आणि कोपऱ्यातल्या खोलीत उंदरांचे पिंजरे. पिंजऱ्यांची व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांना सगळे उंदीरमामा म्हणायचे. त्यांना प्रत्येक मादीचा स्वभाव माहीत होता. "हिला आज हात लावू नका, ही रागावलीय," असं ते सांगायचे, आणि ज्याने ऐकलं नाही त्याच्या बोटाला पट्टी दिसायची. प्रमुख होत्या मॅडम. कमी बोलायच्या, आणि बोलल्या तर बहुतेक वेळा "पुन्हा करा" एवढंच.

काम सांगायला सोपं होतं. मादीच्या बीजवाहिनीतून सकाळी अंडपेशी काढायच्या, तेलाखाली ठेवलेल्या एका थेंबात सोडायच्या, नराचे शुक्राणू त्यात मिसळायचे आणि बघायचं. पण शुक्राणू काढल्या काढल्या कामाचे नसतात. त्यांना तासभर तरी उबेत ठेवावं लागतं, तेव्हा कुठे ते तयार होतात. अंडपेशी केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीने उचलायच्या, नळीचं दुसरं टोक रबरी नळीला जोडून तोंडात धरायचं. श्वास जरा जोरात घेतला की अंडपेशी गायब. पहिले चार महिने मी अंडपेशी हरवण्याचंच काम केलं. मॅडम म्हणायच्या, "पुन्हा करा."

मग एका सकाळी जमलं. कवचावर दहा-बारा शुक्राणू चिकटलेले होते, आणि त्यांच्या शेपट्यांच्या वळवळीने अख्खी अंडपेशी हळूहळू फिरत होती. उंदराच्या शुक्राणूचं डोकं विळ्यासारखं वाकडं असतं. त्यातला एक कवचातून वाट काढत गेला आणि कवच आणि अंडपेशी यांच्यामधल्या अरुंद जागेत उतरला. आता हा डोकं खुपसणार म्हणून मी वाट बघत राहिले. त्याने तसं काही केलं नाही. तो आडवा पडला. उशीला गाल लावावा तशी त्याच्या डोक्याची बाजू अंडपेशीला टेकली. शेपटी आणखी थोडा वेळ जोरात हलली, मग मंद झाली, मग थांबली.

मी मॅडमना हाक मारली. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "हं. जुळले."

"पण हा आडवा आहे."

"आडवेच जुळतात. बाजूने. त्याच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं, तिच्यावर एक. ती दोन एकमेकांना धरतात, मग दोघांची आवरणं एक होतात. भोसकाभोसकी नसते तिथे."

"आणि शेपटी?"

"दुपारी बघ."

दुपारी अंडपेशीच्या आत दोन गोल केंद्रकं दिसत होती, एक तिचं, एक त्याचं. आणि त्यातल्या एकाच्या जवळ, अगदी फिकट, पाण्यात सोडलेल्या दोऱ्यासारखी, अख्खी शेपटी होती. आत.

मी हसायलाच लागले. उंदीरमामांनी दारातून डोकावून विचारलं, "काय झालं?" त्यांना काय सांगणार? तेवीस तक्ते डोळ्यांपुढे आले होते.

रविवारी घरी गेले तेव्हा बाबा बेडकाच्या अंड्यांना काळे ठिपके देत होते. मी जरा जास्तच उत्साहात सगळं सांगून टाकलं. बाबांचा हात ठिपक्यावरच थांबला.

"उंदराचं असेल तसं," ते म्हणाले. "आपला तक्ता माणसाचा आहे."

"मॅडम म्हणतात, माणसाचंही तसंच. शेपटी आत जाते."

"पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"पुस्तक चुकलंय, बाबा."

बाबांनी कुंचला धुतला, पुसला, पुन्हा धुतला. आई मला हळूच म्हणाली, "जेवल्यावर सांगायचं होतंस." जेवताना बाबांनी उंदीर हा शब्द एकदाच उच्चारला, तोही नाक मुरडून. मला बसमध्ये वाईट वाटत राहिलं. इतकी वर्षं त्यांनी मला दाखवलं होतं आणि मी बघितलं होतं. आता उलट झालं तर ते त्यांना इतकं बोचेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी सकाळी साडेआठला प्रयोगशाळेच्या फाटकावरून निरोप आला, "तुमचे वडील आलेत." बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत चित्रवही घेऊन उभे. पहिल्या बसने आले होते.

"मला दाखव," ते म्हणाले.

मॅडमनी त्यांना पांढरा कोट दिला. तो गुडघ्यांपर्यंत येत होता. चष्मा काढून बाबा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले ते साडेबारापर्यंत. मध्ये उंदीरमामांनी चहाचं विचारलं तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला. पहिल्या थेंबात काहीच झालं नाही. दुसऱ्यात एक शुक्राणू कवचातून अर्धा गेला आणि तिथेच राहिला. बाबा पुटपुटत होते, "अरे, चल ना." तिसऱ्या थेंबात झालं. मी बाजूला उभी होते, मला फक्त त्यांचे पाठीमागचे वाढलेले केस आणि कान दिसत होते.

"आडवा आहे गं," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"मग बाकीचे का जात नाहीत? एवढे चिकटलेत की बाहेर."

"एक जुळला की अंडपेशी आपल्या कातडीखालच्या हजारो बारीक पिशव्या बाहेर रिकाम्या करते. त्यातल्या रसाने कवच बदलतं. मग बाहेरच्यांना वाट मिळत नाही."

"म्हणजे दार लावून घेते."

"हो, तसंच."

दुपारी त्यांनी आतली शेपटी पाहिली. पेन्सिलीने सात चित्रं काढली, प्रत्येकाखाली घड्याळातली वेळ टाकली. शेपटीचं पुढे काय होतं, हा प्रश्न आता त्यांनी विचारला. मी सांगितलं, की शेपटीच्या वरच्या भागात शक्ती पुरवणारी पेशीतली बारीक अंगकं असतात, ती आत येतात खरी, पण अंडपेशी त्यांच्यावर खूण करते आणि मोडून टाकते. बाळाला ती फक्त आईकडून मिळतात.

बाबा वही मिटत म्हणाले, "एवढ्या लांबून आणलेलं सगळं मोडीत?"

"केंद्रकातलं राहतं ना. अर्धं."

"हं," बाबा म्हणाले. "अर्धं म्हणजे कमी नाही."

त्यांनी घरी जाऊन नवा तक्ता सुरू केला. या वेळी अडवलं आईने. रविवारी मी घरी असताना ती अक्षरं लिहायला बसली आणि कुंचला हातात घेऊन म्हणाली, "हे सगळं ठीक आहे. पण ही नुसती बसून राहते का? तेवीस तक्ते लिहिले मी, तेवीसच्या तेवीस तक्त्यांत ही फोटो काढायला बसवल्यासारखी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला मॅडमच्या कपाटातला एक फोटो आठवला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेला. अंडपेशीच्या अंगावर केसांहून बारीक असंख्य तंतू असतात. शुक्राणू टेकला की ते उभे राहतात आणि त्याच्या डोक्याला विळखा घालून धरतात. पुढच्या रविवारी मी त्याची प्रत घेऊन गेले. आईने ती खिडकीपाशी नेऊन बघितली.

"हे काढा," ती बाबांना म्हणाली. "सगळे केस काढा. मग मी लिहिते."

बाबांनी तीन दिवस केस काढले.

नवा तक्ता झाला, पण जुन्यांचं काय? बाबांना ते स्वस्थ बसू देईना. "मुलं तेच पाठ करतायत," ते म्हणायचे. शेवटी त्यांनी रंगाचे सहा डबे, कुंचले आणि वॉर्निशची बाटली एका पिशवीत भरली आणि शाळा फिरायला लागले. मी दोन आठवड्यांची रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. मामा म्हणाला, "शेपूट पुन्हा लागलं का मागे?"

मुलींच्या शाळेतल्या बाई निवृत्तीला आल्या होत्या. केस पांढरे, पाठ तशीच सरळ. बाबांनी चूक सांगितली तेव्हा मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. बाई म्हणाल्या, "मी हे एकोणीस वर्षं शिकवलंय." थोडा वेळ त्या तक्त्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दुपारचा तास भरवला, मुलींना पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. यांनी डोळ्यांनी बघितलंय. आता बघा काय बदलतात ते." चाळीस मुलींसमोर बाबांनी बाणासारखा शुक्राणू पुसून तो आडवा केला. माझी ती तुटलेली शेपटी पांढऱ्या रंगाखाली गेली आणि मी नवीन शेपटी आतल्या बाजूला काढली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग तो दमून झोपतो का?" बाई मोठ्याने हसल्या. बाई हसू शकतात हे बहुतेक त्या मुलींना पहिल्यांदाच कळलं.

सगळीकडे असं झालं नाही. एका शाळेत तक्ता फुटलेल्या खिडकीला लावला होता आणि उन्हाने निळे शुक्राणू साफ उडाले होते. तिथल्या शिपायाने सांगितलं, "रंगवा खुशाल, पण परत इथेच लावा, वारा येतो." आणखी एका शाळेत तक्ता कुठे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. आणि एका मोठ्या शाळेतल्या सरांनी आम्हाला खुर्चीवर बसवून शांतपणे नकार दिला.

"तुमचं बरोबर असेल," ते म्हणाले. "पण परीक्षेत प्रश्न येतो, शेपटीचं काय होतं? उत्तर, गळून पडते. एक गुण. मुलाने आत जाते लिहिलं तर तो गुण तुम्ही देणार का?"

बाबा म्हणाले, "पण ती आत जाते."

"पुस्तक बदलू द्या, मग या."

बाबांनी पुस्तकांच्या मंडळाला पत्र लिहिलं. म्हणजे मजकूर बाबांचा आणि अक्षर आईचं, सोबत सात चित्रं. दीड महिन्याने उत्तर आलं, की आपली सूचना योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आली आहे. ती तिथे पोचली की नाही, माहीत नाही. तेवीसपैकी चौदा तक्ते आम्ही दुरुस्त केले. दोन सापडले नाहीत. उरलेल्या सातांपैकी कुठे नकार मिळाला, कुठे ती खोलीच पाडली होती.

पण ते दोन आठवडे! सकाळी लवकर निघायचं, बसमध्ये पिशवी मांडीवर घ्यायची, कारण खाली ठेवली तर डबे कलंडतात. अनोळखी गावातल्या शाळेचा रस्ता विचारायचा. मधल्या सुट्टीत मुलांचा गलका संपेपर्यंत पायरीवर बसून डबा खायचा. बाबा खूप बोलायचे. त्यांनी शाळा सातवीत सोडली होती आणि पहिलं चित्र एका दुकानाच्या पाटीवर काढलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. त्या पायऱ्यांवरचं ऊन मला अजून आठवतं, आणि बाबांच्या नखांतला पांढरा रंग.

नंतर छापील तक्ते आले. चकचकीत, हलके, चार रंगांत. बाबांच्या टेबलावरची कामं कमी होत गेली आणि एक दिवस थांबली. ते गप्प गप्प असतात असं आईने फोनवर सांगितलं. मी मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, "त्यांना विचार, आमच्यासाठी काढतील का?" तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसायचं ते फोटोत नीट येत नसे. बाबा दर गुरुवारी येऊ लागले. सहा वर्षं आले. मॅडमच्या चार शोधनिबंधांत त्यांच्या आकृत्या आहेत, आणि आतली अक्षरं आईची. उंदीरमामांची आणि त्यांची अशी गट्टी जमली, की कुठल्या मादीने काल काय केलं याची चौकशी बाबा माझ्या तब्येतीच्या आधी करायचे.

सातव्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. आई आधीच गेली होती. हात थरथरू लागल्यावर बाबा आणखी तीन वर्षं होते, पण चित्रं त्यांनी त्याच वर्षी थांबवली.

त्या वर्षी आमच्याकडे एक नवा सूक्ष्मदर्शक आला, समोरासमोर बसून दोघांना एकाच वेळी बघता येईल असा. मी बाबांना म्हटलं, "काढू नका, नुसतं बघायला या." ते वहीशिवाय आले. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते मांडीवर ठेवले. मी माझ्या बाजूने डोळा लावला, त्यांनी त्यांच्या. मी त्यांच्या हाताच्या नवीन औषधाबद्दल, प्रयोगशाळेतल्या नवीन मुलांबद्दल काहीतरी सांगत होते.

"झालं," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"खाली, डावीकडे. बोलत काय बसलीस? बघ तरी."

मी बघितलं. उंदीरमामांनी चहा आणून ठेवला आणि तो निवला.

मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले. ते हळू चालत होते आणि आईबद्दल बोलत होते. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिने त्यांचं अक्षर बघून हातातून कुंचला काढून घेतला होता, तो किस्सा. मी तो शंभरदा ऐकला होता. तरी मी विचारलं, "मग?" बस आली, गेली. पुढची पाऊण तासाने होती. आम्ही बाकावर बसलो आणि त्यांनी पुढचं सांगायला सुरुवात केली.